डाव्या इंजिनाचा ताप

ऑफिसात तिला सगळे वैदीणबाई म्हणत. कामही तसंच होतं. प्रत्येक उड्डाणात इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान तिच्या पडद्यावर एक ठिपका होऊन उतरे. ठिपक्यांची रेघ चढू लागली की समजायचं, इंजिन थकलं. आणि ते बिघडायच्या आत विमानावरून कधी उतरवायचं, हे ठरवायचं. ती बसने घरी येत असताना आई फोनवर मोठ्याने विचारायची, "तुझी लेकरं बरी आहेत ना?"

"इंजिनं म्हण गं आई. बसमधले लोक ऐकतायत."

गेल्या वर्षी तिने उतरवायला लावलेलं एक इंजिन ठणठणीत निघालं होतं. तेव्हापासून साहेबांना टोमण्याला आयतं निमित्त मिळालं होतं.

या खेपेला एका जुन्या विमानाच्या डाव्या इंजिनाची रेघ चढत होती. ते उद्या उतरवायचं ठरलं. बदलीचं इंजिनही येऊन पडलं. आणि आज बघते तर कालच्या उड्डाणांत डावी रेघ धपकन खाली आलेली, उजवी तेवढीच वर!

"एका भावाचा ताप दुसऱ्याला चढला," साहेब म्हणाले. "आता कोणाचं ऑपरेशन, वैदीणबाई?"

इंजिन आपोआप बरं होत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. त्यापुढे मात्र काही सुचेना. ती हँगरात गेली.

"अहो, अदलाबदल केली होती ना," हेडमिस्त्री म्हणाले. "रीडिंगवर भरवसा वाटेना, म्हणून डाव्याचं उजव्याला, उजव्याचं डाव्याला लावून दोन फेऱ्या उडवल्या. सकाळी परत जागच्या जागी बसवलं."

"पण बदललं काय? सेन्सर की नुसत्या वायरी?"

हेडमिस्त्रींनी डोकं खाजवलं. "सेन्सरच असतील."

"छे, वायरी," शिडीवरून दुसरा मिस्त्री म्हणाला. "सेन्सर काढायला हात कुठे पोचतोय तिथे!"

"तुला काय माहीत? तू रजेवर होतास."

ज्याने काम केलं त्याचा फोन लागेना. नोंदीत नुसतं 'अदलाबदल केली' एवढंच.

ती पंखाखाली उभी राहिली. सेन्सर बदलले असतील, तर खोटं बोलणारा सेन्सरच आपला ताप घेऊन उजवीकडे गेला होता. दोन्ही इंजिनं धडधाकट. नुसत्या वायरी बदलल्या असतील, तर डावं बहुधा तापलेलंच होतं, फक्त त्याची तक्रार उजव्याच्या नावावर लागली होती. रेघ तीच, अर्थ दोन, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. तिने पुन्हा पहिल्यापासून विचार केला आणि पुन्हा तिथेच येऊन अडकली. आता सगळं जागेवर होतं. पुन्हा उडवलं तरी दोन्ही बाबतींत डावंच तापलेलं दिसणार. आणि ते खरंच तापलेलं असेल, तर माणसं बसवून कसं उडवायचं?

साहेब मागोमाग आलेच. "मग? काढायचं की नाही?"

"मला कळत नाहीये," ती म्हणाली. आजवर साहेबांपुढे तिने हे वाक्य गिळलंच होतं. "डाव्याचं बूच उघडा. आत कॅमेरा घालून पाती बघू."

"आज संध्याकाळचं उड्डाण आहे. आणि काही निघालं नाही तर?"

"तर मला दुसरं नाव ठेवा. पण बघितल्याशिवाय हे उडणार नाही."

साहेब पुटपुटत फोन करायला गेले. बारीक कॅमेरा आत सरकला. मिस्त्री हळूहळू इंजिन फिरवू लागला आणि पडद्यावर एकामागून एक पाती येऊ लागली, सगळी सारखी, गुळगुळीत.

"थांब," हेडमिस्त्री म्हणाले.

पात्याची कड उंदराने कुरतडावी तशी खाल्ली गेली होती. खाली एक भेग.

तिला हसू फुटलं, आणि लगेच ते कसंतरीच वाटलं. आजार खरा निघाला म्हणून आपण हसतोय? की हायसं वाटलं म्हणून? की नुसतं बरोबर ठरलो म्हणून?

"म्हणजे वायरीच बदलल्या होत्या," शिडीवरचा मिस्त्री ऐटीत म्हणाला.

"असतील," ती म्हणाली. "पुढचं पातं दाखव."