गुप्त्यांनी लावलेली नोटीस

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे 'भाषांतरवाले गुप्ते' म्हणत. चिंतामणी गुप्ते अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात टाइम ऑफिसात हजेरी ठेवायला होते. पण साहेबांची इंग्रजी नोटीस मराठीत करून फळ्यावर लावायचं लोढणंही ह्यांच्याच गळ्यात. मोरिवलीच्या बाळाजीसारखे कामगार त्या मराठीवर विसंबून सह्या करत. ह्यांना त्याचीच धास्ती असायची.

सत्त्याऐंशी साली नोटीस निघाली: कंपनी 'वॉटरशेड'वर उभी आहे, कामगारांनी स्वेच्छेने निवृत्ती घ्यावी. साहेब म्हणाले, "वॉटरशेडला सुवर्णसंधी लिहा, गुप्ते."

हे घरी येऊन माझ्यावरच तणतणले. "अगं, हे शेड पत्र्याचं नव्हे! जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वेगळं करणं. वॉटरशेड म्हणजे डोंगराचा माथा, आपल्या भूगोलातला जलविभाजक. अलीकडचं पाणी एका नदीला, पलीकडचं दुसरीला. त्यावरून मग अशा वळणाला म्हणायला लागले, की ज्यानंतर काहीच पूर्वीसारखं राहत नाही. यात सोनं कुठं आलं? माणसांना उतारावरून ढकलताय, ते सांगा तरी!"

"मग तसंच लिहा," मी म्हटलं. माझंही डोकं फिरलं होतं.

ह्यांनी लिहिलं, 'इथून कंपनी आणि कामगार वेगळे होतील. सही करणाऱ्याची नोकरी जाईल.' साहेबांनी ती तासाभरात फाडली आणि ह्यांची रवानगी गोदामात केली. फळ्यावर 'सुवर्णसंधी' झळकली. कॉलनीतले ऑफिसर आम्हालाच शहाणपण शिकवायला आले, "तुम्ही कशाला मध्ये पडता?" मेले खाल्ल्या मिठाला जागत होते म्हणे! मी एकालाही चहा विचारला नाही.

आठवड्याने बाळाजी आला. कारखान्यात जमीन गेली, तिच्या बदल्यात मिळालेली त्याची ही नोकरी. ह्यांची नोटीस लागली त्या दिवशी तो दुसऱ्या पाळीला होता; त्याने ती पाहिलीच नव्हती.

"वैनी, तोंड गोड करा!" त्याने पेढ्यांचा पुडा पुढे केला. "सही केली. सुवर्णसंधी हाय म्हनं."

"आणि काम?" ह्यांनी विचारलं.

"सायब बोलला, सध्या घरी बसा. बोलावतो मंग."

मला त्या साध्या माणसाचाही संताप आला आणि आपण त्याला सांगायला गेलो नाही म्हणून स्वतःचीही लाज वाटली. पुडा मी त्याच्या हातात परत ठेवला.

"भाऊजी, हा साहेबांच्या घरी द्या," मी म्हटलं. "तोंड त्यांचं गोड झालंय."