सुलभावहिनींची भिंत

भालू राणे गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. दुपारचे चार म्हणजे आमच्या चहाची वेळ, आणि मी त्याच्या दाराची बेल वाजवत उभा होतो. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तेव्हा शेजारून किल्ली आणून आत गेलो. भालू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेला. अंग थंड होतं. शेजारी त्याने जागा सोडली होती, कुणी येऊन बसणार असल्यासारखी... त्याला आता दीड महिना झाला.

मुलुंडच्या आमच्या इमारतीत आमचा चाळीस वर्षांचा शेजार. भालू बांधकामावर सुपरवायझर होता आणि जन्मभर नासाडीवर चिडत राहिला. गिलाव्याचा खाली पडणारा माल गोणपाटावर झेलून, सुकायच्या आत पुन्हा भिंतीवर चढवायला लावायचा. वाकडे खिळे ठोकून सरळ करायचा. अर्धी वीट फेकणाऱ्या गवंड्यावर ओरडायचा, "मेल्या, कोणाच्यातरी शेताची माती भाजलीय ती, तुझ्या बापाची नाय!" आम्ही त्याला चिकट म्हणायचो. रंग मात्र त्याच्या घरात दरवर्षी फुकट जायचा. सुलभावहिनी, त्याची बायको, रोज दुपारी स्वयंपाकघराच्या भिंतीला डोकं टेकून तांदूळ निवडत बसायच्या. केसांच्या खोबरेल तेलाचा बशीएवढा डाग तिथे पडला होता. कितीही रंगवा, महिन्याभरात तो परत वर यायचा. वहिनी गेल्या आणि भालूने ती भिंत रंगवणंच सोडलं.

मग इमारत पुनर्विकासाला निघाली. मी सोसायटीचा सेक्रेटरी. भालूने हट्ट धरला की राडारोडा बाहेर खाडीच्या भरावात जाता कामा नये, इथेच दळून त्याचे ब्लॉक पाडायचे आणि नव्या घरांच्या आतल्या भिंती त्यातून बांधायच्या. त्याचं गणित चोख होतं, बिल्डरही तयार झाला. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याची जुनी खोड. खरं कारण त्याने फक्त मला सांगितलं. "ती भिंत खाडीत जाऊक नको रे." मी शब्द दिला.

माझ्या विंगचा राडारोडा दळला गेला. पुढे धुळीच्या तक्रारी आल्या, मशीन परत गेलं, आणि भालूच्या विंगचा सगळा माल डंपरमधून निघून गेला. कुठे, ते मी विचारलंसुद्धा नाही. त्याच्या घराला ब्लॉक बाहेरून आले. भालू तेव्हा भांडुपला भाड्याच्या घरात गुडघा धरून पडला होता. फोनवर म्हणाला, "गेली ना माझी भिंत मशीनमध्ये?"

"गेली रे. काळजी करू नको," मी सांगून टाकलं. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

नव्या घरात राहायला येऊन काही महिने झाले असतील. भालूने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, खाली बसलेल्या बाईचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर, बशीएवढा पिवळट डाग होता.

"इली रे ती," भालू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "शब्द पाळलंस तू, मेल्या."

ओल असेल, मी मनाला समजावलं. डागाला बोट लावून वास घेतला... खोबरेल. भालूला तर टक्कल होतं, तेलाची बाटलीही घरात नव्हती. त्या दिवसापासून तो रोज दुपारी तिथे बसू लागला आणि मी समोर बसून चहा पीत राहिलो. खरं सांगायचं धाडस झालं नाही.

पवईला राहणाऱ्या त्याच्या मुलाला आता घर भाड्याने द्यायचंय. गेल्या आठवड्यात रंगारी दोन हात मारून गेला. काल चार वाजता, सवयीनेच, मी किल्ली घेऊन आत गेलो. डाग परत वर आला होता. शेजारी, चार बोटं उंच, आणखी एक.

भालू वहिनींपेक्षा चार बोटं उंच होता.

मी खाली बसलो, भिंतीला पाठ न लावता. मोठ्याने म्हणालो, "भालू, तुझी भिंत इथे नाही रे. मी खोटं बोललो." मग रंगाऱ्याला फोन लावला आणि सांगितलं, तिसरा हात मारायला येऊ नका, रंग फुकट जाईल.