करंजाच्या सावलीतला बेहडा

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो सूर्यवंशी सरांमुळे. निवृत्त होताना प्रत्येकाने शाळेमागच्या झाडीत एक झाड लावायचं, अशी उमरीच्या आमच्या शाळेची रीत आहे. सरांनी बेहडा लावला आणि ते मुलाकडे पुण्याला गेले. त्याच वर्षी निवृत्त झालेल्या शाळेच्या कारकुनांनी त्याला अगदी खेटून करंज लावला. नोकरीभर दोघांचं कधी पटलं नव्हतं.

मी आता त्याच शाळेत शिकवतो. कारकुनांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. खिशाला पेन लावून ते अजूनही रोज सकाळी करंज बघायला येतात.

"आमचा करंज छपराच्या वर गेला, नोंद घ्या. तुमच्या सरांचा बेहडा लई आळशी हाय बघा, गुरुजी."

बेहडा आळशी नव्हता. करंजाच्या दाट सावलीतून उन्हाकडे वाकता वाकता तो काडीसारखा झाला होता. यंदा त्याचा शेंडाच वाळला. "आता हा जगत नाही," मी म्हणालो. भाऊसाहेब त्या दिवशी करंजाकडे न बघताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते कोयता घेऊन आले आणि बेहड्यावर आलेल्या आपल्या करंजाच्या सगळ्या फांद्या त्यांनी स्वतः उतरवल्या. करंज एका अंगाने बोडका झाला.

"सरांना कळवू नका," घाम पुसत ते म्हणाले. "उगीच फुगून बसतील. नोंद घ्या."

पुढे बेहड्याला पालवी फुटली, तेव्हा मी सरांना पत्र लिहिलं: "सर, तुमचा बेहडा सावरला. यंदा आपल्याकडे ऊन चांगलं पडलं."