वीस मिनिटं पुढं

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत तर मुळीच नाही. घड्याळ चुकलं की आतला सेल गेलेला असतो, नाहीतर इंटरनेटवरून वेळ जुळवणारं सिंक बंद असतं. तिसरं कारण नसतंच, असं मी छातीठोकपणे सांगायचो…

जालना जिल्ह्यात वडीगोद्रीला हायवेलगत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बायको, मीरा, सकाळी मदतीला यायची. मी जेवल्याशिवाय ती जेवायची नाही, आणि मला दुपारी उठायचं भान नसायचं. म्हणून स्वयंपाकाला घरी जाताना ती गुपचूप कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं घड्याळ वीस मिनिटं पुढं करून जायची.

एकदा त्यापायी सरकारी साइटचं लॉगिनच होईना. दुकानात गर्दी, आणि ती अजून दारातच होती. कारण कळल्यावर मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो.

"मंग काय करू?" ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या टाइमाशिवाय तुम्ही कुणाचं ऐकता?"

लोक हसले. मी तिच्यादेखत सिंक चालू केलं. "आता कर पुढं!"

"घड्याळ झालं बराबर," ती म्हणाली. "आता मालकाचं बघा."

त्यानंतर मी रोज उशिराच जात राहिलो. ती ताट झाकून बसलेली असायची. मागच्या हिवाळ्यात ती अचानक गेली…

उन्हाळ्यात एका दुपारी शेखचाचांचा फॉर्म भरत होतो. मोबाइल बघून ते म्हणाले, "भाऊ, तुमचा टाइम पुढं पळून राह्यला."

वीस मिनिटं. सिंक चालू होतं, वेळ नुकतीच जुळल्याची नोंदही होती. आणि लॉगिन झालेलं — जे व्हायलाच नको होतं.

"चाचा, बसा जरा," म्हणालो आणि घरी गेलो. सकाळी केलेली खिचडी वेळेवर खाल्ली. एकट्यानं.

परतलो तर घड्याळ बरोबर. आठवडाभर रोज दुपारी असंच. पण माझी खोड जाईना — सेल बदलला, विंडोज नव्यानं टाकलं. तेव्हापासून घड्याळ एकदाही चुकलं नाही. का केलं मी ते?

आता सिंक मीच बंद ठेवलंय. सिंक नसलं की घड्याळ हळूहळू थोडं तरी मागंपुढं होतं. हे होत नाही… याचंही कारण मला सापडलेलं नाही. सिंक बंद का, असं कुणी गिऱ्हाइकानं विचारलं तर बिघाड आहे म्हणतो. खरं म्हणजे तिनं पुन्हा वेळ पुढं केलीच, तर ती कुणी पुसू नये, एवढ्यासाठी.

रोज दुपारी कोपऱ्यात बघतो. टाइम बराबर असतो.