पडघ्याच्या हळदीतला धवला

टेमघरची रंगूबाई धवलारीण. लग्नघरी बसून धवल्याची गाणी म्हणायची, हा सासूकडून आलेला वसा. चाळीस वर्षांत तिच्यापुढे कुणी मोबाईल धरला नाही, आणि तिला त्याची हौसही नव्हती. हौस पोराला. हरेशनं आईच्याच चाली उचलल्या, त्यांना बेंजो आणि डीजे जोडला, आणि चोविसाव्या वर्षी अशी गत झाली की त्याच्याशिवाय भिवंडीत कुणाची हळद हलेना.

गेल्या वर्षी पडघ्याला, एकाच संध्याकाळच्या तिसऱ्या हळदीत, तो छाती धरून म्हणाला, "जरा बसतो." खालून ओरडा झाला, "वन्स मोर!" तो गायला आणि कोसळला. दोनशे जणांनी त्याचं पडणं शूट केलं. उचलायला एकटा बेंजोवाला धावला. मग त्याच भाडखाऊंनी नाक्यानाक्यावर श्रद्धांजलीचे बॅनर लावले, त्यावर हरेशपेक्षा लावणाऱ्यांचे फोटो मोठे! मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय.

वर्षश्राद्ध उरकतंय तोच त्याचे कार्यक्रम लावणारा प्रितम दारात. "काकी, हेमालीचा आवाज सेम हाय. फॅन लोक वाट बघतान." हरेशची धाकटी बहीण हेमाली हरखली. रंगूबाईनं शिव्या घातल्या, पण पोरगी ऐकेल तर ना!

पुढच्याच महिन्यात पडघ्यात महादू पाटलांच्या मुलीची हळद निघाली. धवल्याला रंगूबाई, स्टेजवर हेमाली. पोरीच्या अंगात सकाळपासून ताप. आठ गाणी झाली तशी ती स्पीकरला टेकली.

"वन्स मोर! हरेशचं गाणं!"

प्रितमनं माईक पुन्हा तिच्या हातात कोंबला.

रंगूबाईच्या मस्तकात तिडीक गेली. हळदीच्या हातांनीच ती स्टेजवर चढली, माईक हिसकावला. "मेल्यांनो, एक पोर खाल्लाव, त्यान पोट न्हाय भरला?" आणि तिनं धवला लावला.

धवला लागला की वाजप बंद, आणि तो मध्येच तोडला तर नवरीला अपशकुन, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. डीजे गप झाला. प्रितम दात खात बाजूला सरला. गाता गाताच रंगूबाईनं लेकीला बाहेरची रिक्षा दाखवली. आणि कधी नव्हे ते हेमालीनं आईचं ऐकलं.

रिक्षा गेली. महादूनं हात जोडले, "रंगूबाय, झाला का?" तिनं मान हलवली. न्हाय.

धवल्यात आधी देवांना लग्नाचं आवतण देतात, मग घरातल्या मेलेल्यांना. रंगूबाईनं सगळे देव बोलावले, पाटलांचे वाडवडील एकेक करून बोलावले. मग समोरच्या मोबाईलवाल्यांवर नजर रोखून तिनं आपल्या हरेशला नाव घेऊन बोलावलं. ये बाळा, बस, तुला कुणी उठवणार नाही.