ढोलकीला विसावा

आमच्या मंडळीत एक रीत आहे. कुणाला झोंबणारं काही सांगायचं असेल तर तोंडावर सांगत नाहीत, उपदेशातून सांगतात. ज्याला लागायचं त्याला लागतं, बाकीचे आमेन म्हणतात. म्हणून त्या रविवारी दमलेल्यांना येशू बोलावतो त्या वचनावर बोलताना पाळकसाहेबांनी एका ग्रीक क्रियापदाला हात घातला, तेव्हाच मला वास आला.

"अनापावो," ते म्हणाले. "म्हणजे थांबवणं, विसावा देणं. आपणही जुन्या सेवकांना आता विसावा द्यायला हवा."

करंजाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमची उपासना भरते. जुना सेवक म्हणावा असा तिथे एकच माणूस, माझे वडील. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलर चालवून निवृत्त झालेले, आणि मंडळी सुरू झाल्यापासून भजनाला ढोलकी वाजवणारे. नुकताच त्यांच्या शेजारी नवाकोरा कीबोर्ड येऊन बसला होता. वाजवणार कोण, तर पाळकसाहेबांचा जावई. यात ग्रीक किती आणि घरचं किती, हे कळायला पदवी लागत नाही. पण माझ्याकडे पदवी आहे, आमच्या घरातली पहिली. शब्दकोश कसा बघायचा हे मला कुणी शिकवू नये.

आठवडाभर मी त्या क्रियापदाच्या मागे लागलो. साहेबांनी अर्धंच सांगितलं होतं. येशूच्या अटकेच्या रात्री बागेत झोपी गेलेल्या शिष्यांना तो शब्द लावलाय. कोठारं भरल्यावर स्वतःच्या जिवाला 'आता आराम कर' म्हणणाऱ्या मूर्ख श्रीमंताच्या तोंडीही तोच आहे. श्रमांतून सुटलेल्या मृतांनाही तोच. पण मित्रांनी माझा जीव ताजातवाना केला असं प्रेषित पौल लिहितो, तिथेही तोच! म्हणजे काम सुटलं असं नाही. दम खाल्ला आणि पुन्हा लागले. शिवाय येशू विसावा देतो म्हणाला की लगेच आपलं जूही खांद्यावर घ्यायला सांगतो. ते साहेबांनी वाचलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं.

"साहेब, पप्पांना विसावा दिलात. जू कुठलं दिलंत?"

ते हसले. "ग्रीक चांगलं जमलंय की तुम्हाला."

"मराठीपण जमतं. जावयाला बसवायचंय तर सरळ बोला ना."

चहाचे कप जागच्या जागी थांबले. पप्पांनी माझं कोपर धरलं. "चल घरी."

रस्त्यात ते म्हणाले, "त्यांना कशाला झापलंस? मीच बोललो होतो त्यांना. बोटं आखडतात. ठेका सुटतो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू आधी डॉक्टर गाठला असतास, मग माझ्याशी भांडला असतास. म्हटलं, वचनातून कानावर पडू दे."

"दाखवा बघू हात."

हात खिशात गेले. "तू ग्रीक वाच."

मला पटेना. घरी जाऊन साहेबांना फोन लावला, बोललो त्याची माफी मागितली आणि विचारलं, "पप्पांनी खरंच तुम्हाला सांगितलं होतं?"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "ते काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

"मग तसंच."

हे 'तसंच' मला आजही गिळवत नाही. त्यानंतरच्या रविवारी पप्पा पहिल्यांदाच माझ्या शेजारी खुर्चीवर बसले. कीबोर्ड सुरू झाला, सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. बोटं खरंच आखडतात का ते कळावं म्हणून मी भजन सोडून त्यांच्या हातांकडे बघत होतो. दोन्ही हात मांडीवरच्या बायबलखाली होते, आणि भजन संपेपर्यंत त्यांनी ते बाहेर काढले नाहीत.