चौथी गोळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, लग्न होऊन पुण्याला गेलेल्या मुलीजवळ नाही. समोरच्या किराणावाल्याबरोबर रोज चहा होतो, जगातल्या सगळ्या भानगडी बोलून होतात — ही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? नीटसं मलाही कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक कारण असेल.

भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे. डॉक्टर व्हायचं होतं, मार्क कमी पडले, डी. फार्म. केलं. कॉलेजात एकच विषय मनापासून आवडला — शरीरातल्या ग्रंथी. इतर पोरं पाठ करायची, मी गोष्ट वाचावी तसा वाचायचो. पुढे दुकान टाकलं तरी ती खोड गेली नाही. थायरॉइडची गोळी न्यायला कुणी बाई आली, की काउंटरवर वाकून मी सुरू. मानेतली ही एवढीशी ग्रंथी, पण वजन, केस, झोप, चिडचिड, सगळ्याच्या दोऱ्या तिच्या हातात. हार्मोन म्हणजे डाळीतला हिंग — चिमटीभर, दिसतही नाही, पण प्रमाण चुकलं की अख्खं पातेलं वाया. मागे उभी असलेली माणसंही ऐकायची. कुणीतरी म्हणायचं, "डॉक्टरसाब, जरा मेरा भी रिपोर्ट देखो ना." डॉक्टरसाब! मी एकदाही म्हटलं नाही, की बाबा, मी डॉक्टर नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? बरोबर आहे. त्यात काहीच नाही. मी उगाच लांबून येतोय.

पुडीचं सांगतो. आमच्याकडे अजूनही पुष्कळ माणसं डॉक्टरकडे जात नाहीत, मेडिकलमध्ये येतात आणि म्हणतात, कंबर धरलीय, पुडी द्या. मग आपण पाकिटातून गोळ्या काढायच्या, कागदाच्या चौकोनात बांधायच्या, सकाळ-संध्याकाळ म्हणायचं. पुडीवर नाव नसतं. घेणारा विचारत नाही, देणारा सांगत नाही. ज्याच्या पुडीनं लवकर बरं वाटतं त्याच्या हाताला गुण. माझ्या हाताला फार गुण होता.

हिराबाई पश्चिमेकडच्या मुर्धा गावची. आईबाप मिठागरात राबलेले, तीही लहानपणी तिथेच राबली, पुढे मासळी विकायला लागली. सकाळी रिक्षानं पूर्वेला यायची आणि माझ्या दुकानापासून चार पावलांवर पाटी मांडून बसायची. साठीची असेल. तोंडानं फटकळ, भाव करणाऱ्याची अशी हजेरी घ्यायची की मी दुकानात बसून हसायचो. मी तिला हिराबाई म्हणायचो, ती मला भाऊ. गुडघे मात्र पार गेले होते. उठताना पाटीवर दोन्ही हात टेकून उठायची आणि तोंड वाकडं व्हायचं. एक दिवस म्हणाली, पुडी दे.

मी चार गोळ्या बांधल्या. एक दुखण्याची, एक कॅल्शियमची, एक पित्ताची. आणि चौथी — लहान, पांढरी. स्टेरॉइड.

चार दिवसांनी ती दुकानाच्या तिन्ही पायऱ्या कठड्याला हात न लावता चढून आली. "भाऊ, तुज्या हाताला गुण हाय रं. चार डागदर केलं, कोनाला जमला न्हाय." सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला सांगू — तेव्हाच थांबायला हवं होतं, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. चार-आठ दिवसांपुरती द्यायची गोळी, तीही डॉक्टरनं. मी ती दीड वर्ष दिली.

आता जरा ऐका, कारण हे समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक इवलीशी ग्रंथी असते. ॲड्रिनल. ती रोज थोडं कॉर्टिसोल बनवते. ताप आला, जखम झाली, शरीरावर कसलंही संकट आलं, की जास्त बनवते — रक्तदाब धरून ठेवते, साखर पुरवते, माणसाला उभं ठेवते. कवटीतली पिट्युटरी तिला हुकूम पाठवते, तेवढं बनव. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळालं, की हुकूम येणं बंद. घरात रोज बाहेरून डबा यायला लागला तर चूल कोण पेटवेल? ग्रंथी बसून राहते, आक्रसते. असे महिनोन् महिने गेल्यावर डबा एकदम बंद केलात, तर चूल लगेच पेटत नाही. म्हणून ती गोळी कधी अचानक थांबवायची नसते. अर्धी, पाव, दिवसाआड — आठवडे, कधी महिने लावून सोडवायची. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. हा माझा आवडीचा विषय होता.

हिराबाईचा चेहरा गोल व्हायला लागला. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. पोट सुटलं, हातपाय मात्र काडीसारखे होत चालले. पाटीची कड नुसती लागली तरी दंडावर जांभळा डाग उठायचा. ती डाग दाखवून हसायची, म्हातारपण म्हणायची. मीही हसायचो. काउंटरच्या या बाजूला उभं राहून मी एखाद्या पुस्तकातलं पान वाचावं तशी तिला वाचत होतो. आणि रोज पुडी बांधत होतो. का? तिनं पुन्हा तोंड वाकडं करून उठावं हे मला बघवलं नसतं, असं मी स्वतःला सांगायचो. खरं वेगळं होतं. गुण गेला असता तो माझ्या हाताचा.

मग एका सोमवारी बातमी आली, औषधांची दुकानं तपासतायत, उद्या-परवा आपल्या बाजूला येतील. मी घाबरलो. चिठ्ठीशिवाय दिलेल्या गोळ्यांचा हिशेब मी कुठून दाखवणार होतो? त्या पांढऱ्या गोळ्यांची सगळी पाकिटं मी दुपारी संडासात रिकामी केली, चार वेळा पाणी सोडलं.

हिराबाई पुडीला आली. मी तिला सांगू शकलो असतो. बाई, यात अमुक होतं, ते एकदम सोडायचं नसतं, आज माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला. दोन वाक्यं. तिला राग आला असता, चारचौघांत तिनं माझी लक्तरं काढली असती. नाही सांगितलं. आणि नुसतं लपवलं असतं तरी एक वेळ — मी आणखी एक गोष्ट केली. हिराबाईला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. तीन गोळ्या दिसल्या असत्या तर तिनं विचारलं असतं. म्हणून मी तितकीच लहान, तितकीच पांढरी, जीवनसत्त्वाची एक गोळी शोधली आणि पुडीत चार गोळ्या भरल्या.

तपासणीवाले आमच्या रस्त्याला आलेच नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, अंगात जीव न्हाय रं भाऊ. मी साखर-मिठाची पावडर दिली. पुढे दोन दिवस ती पाटीमागे भिंतीला टेकून बसलेली दिसली; गिऱ्हाईक भाव करत होतं आणि ती भांडत नव्हती. मी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं, म्हणजे ती जागा दिसत नाही. त्यानंतर तिला ताप आल्याचं कुणीतरी सांगितलं. मग जागा रिकामी.

नवव्या दिवशी दुपारी तिची मुलगी आली, मंगल. आईचा भाऊ म्हणून मला मामा म्हणायची. आईला दवाखान्यात ठेवलं होतं. उलट्या थांबत नव्हत्या, बीपी वर येत नव्हतं. डॉक्टर विचारत होते, बाई कुठली औषधं घेते. तिच्या मुठीत माझ्या पुडीचा कागद होता, रिकामा. म्हणाली, मामा, लिहून द्या.

मी बिलबुकाचं पान फाडलं. पहिलं नाव लिहिलं, दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. पेन उचललं. काय होतंय ते मला कळत होतं — बहुधा दवाखान्यातल्या त्या डॉक्टरपेक्षाही नक्की कळत होतं. ताप आला होता, शरीर हाक मारत होतं, आणि ती ग्रंथी उठत नव्हती. यावर एक इंजेक्शन असतं. माझ्या पाठीमागच्या कपाटात, डोक्याच्या उंचीवर, त्याच्या दोन बाटल्या होत्या. मला वळायचं होतं आणि एक शब्द लिहायचा होता.

मंगल म्हणाली, "अजून काय न्हाय ना मामा? डागदर म्हनतो, काय पन असला तरी सांगा, कोन काय बोलनार न्हाय."

मी म्हटलं, काही नाही. वर दुकानाचा शिक्का मारून दिला.

हिराबाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. जंतुसंसर्ग अंगात पसरला, असं घरच्यांना सांगण्यात आलं. तो कागद बघून दुसरं काय सांगणार? वाचली असती का? बहुतेक वाचली असती. त्यातला 'बहुतेक'सुद्धा मी माझ्यासाठी घातलाय.

पुडी नेणारी ती एकटी नव्हती. आणखी सात-आठ जण होते. त्यांच्यासाठी मी, हिराबाई गेली त्याच आठवड्यात, त्या पांढऱ्या गोळ्यांचा नवा डबा मागवला. अर्धी, पाव, दिवसाआड करत तीन महिन्यांत एकेकाला सोडवलं. कुणालाही काही झालं नाही. म्हणजे येत होतं मला.

तेराव्याला मुर्ध्याला गेलो. न जाऊन कसं चाललं असतं? अंगणात मांडव होता. मला पहिल्या पंगतीला बसवलं, नातेवाइकांच्याही आधी. मंगल वाढता वाढता माझ्यासमोर थांबली. म्हणाली, रिक्षातून नेताना आईची शुद्ध जात-येत होती, पण एकच सांगत होती — "मेडिकलवाले भाऊला इचार, त्याला माजा सगला ठावं हाय." म्हणून मी थेट तुमच्याकडं आले, मामा.

मला घास गिळता येईना, असं सांगायला हवं. तसं झालं नाही. मी जेवलो. तिनं लाडू वाढला, मी नको म्हटलं नाही. ताट संपवलं, हात धुतले. निघताना ती दारापर्यंत आली आणि रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, रडू नकोस, आपल्या हातात होतं ते सगळं आपण केलं.

ती माझ्या पाया पडली.